चष्मेवाले काका ऍडमिट होतात

चष्मेवाल्या काकांचं दुकान चौकात होतं आणि लक्ष बारा महिने तेरा काळ हॉस्पिटलात. दुकानात बसून ते चष्म्यांच्या सैल काड्या आवळत, तुटलेल्या फ्रेमा जोडत, भिंतीवरच्या पाटीवरची अक्षरं लोकांकडून वाचून घेत. पण गल्लीत कुणाला चक्कर आली, कुणाचा पाय मोडला, कुणाचं पित्ताशय काढायचं ठरलं, की हातातला एका काचेचा चष्मा तसाच काउंटरवर ठेवून ते शटर ओढत. ज्याचा तो चष्मा, ते गिऱ्हाईक बिचारं तीन-तीन दिवस अंदाजाने जग बघत फिरे. पण तक्रार करण्याची कुणाची छाती नव्हती. उद्या आपल्यावर वेळ आली तर काकांशिवाय कोण, हा प्रश्न प्रत्येकाला पडायचा.

दुकानात ते पांढरा कोट घालत. काड्या आवळायला पांढरा कोट लागतो असं नाही, पण त्यामुळे गिऱ्हाईक उलट बोलत नाही, असा त्यांचा अनुभव. तोच कोट घालून हॉस्पिटलात गेलं तर लिफ्टमन काही न विचारता वर सोडतो, हा शोध त्यांना बावीस वर्षांपूर्वी लागला आणि तिथून त्यांची ही दुसरी कारकीर्द सुरू झाली. गल्लीतले लोक त्यांना पाठीमागे ‘हाफ डॉक्टर’ म्हणत. काकांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. त्यांची तक्रार एवढीच, की हाफ का?

हॉस्पिटलातली खडान्‌खडा माहिती त्यांच्याजवळ होती. कुठल्या खिडकीवरचा क्लार्क हसतो, कुठल्या वॉर्डातला पंखा फिरतो, एक्स-रेच्या रांगेत कधी उभं राहायचं, कुठल्या सिस्टरना नमस्कार चालतो आणि कुठल्यांना नुसतं उभं राहिलेलंही चालत नाही. ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत पेशंटला पोहोचवून ते त्याच्या खांद्यावर थोपटत आणि म्हणत, “अर्ध्या तासाचं काम. ह्यात काही नसतं.” हे वाक्य त्यांनी नख काढण्यापासून हृदय उघडण्यापर्यंत सगळ्याला सारखंच लावलं होतं. पेशंट काही बोलायला तोंड उघडे, तेवढ्यात दार लागे.

अशा माणसाला हर्निया झाला.

झाला तो दोन वर्षांपूर्वी. पण काकांनी कमरेला पट्टा आवळून ही गोष्ट घरातल्या घरात ठेवली होती. दुसऱ्यांना “अंगावर काढू नका, वेळेत दाखवा” असं सांगत ते स्वतः अंगावर काढत होते. शेवटी एक दिवस दुकानात खाली पडलेला स्क्रू उचलायला वाकले ते वर येईनात. काकूंनी त्यांना रिक्षात घालून सर्जनकडे नेलं. सर्जननी पोट दाबून पाहिलं आणि चेहरा गंभीर केला.

“काका, आतडं अडकायला लागलंय. आणखी थांबलात तर ते पुरतं अडकेल आणि मग जिवावर बेतेल. मी गुरुवारपासून महिनाभर इथे नाही. बुधवारी सकाळी पहिला नंबर तुमचा. बुधवार चुकवू नका.”

“ह्यात काही नसतं,” काका म्हणाले.

“असतं,” सर्जन म्हणाले.

मंगळवारी दुपारी तयारी सुरू झाली. काकांची हॉस्पिटलची पिशवी दुकानाच्या दारामागे कायम भरलेलीच असे. काकूंनी ती घरी आणून पलंगावर उपडी केली. बाकावर बसायची हवेची उशी, पत्त्यांचा कॅट, थर्मास, विजेची लांब वायर, कागदांच्या झेरॉक्स ठेवायची प्लास्टिकची पिशवी, दोन पेनं, डुलकी लागली तर डोळ्यांवर घ्यायचा काळा रुमाल आणि अर्धा बिस्किटांचा पुडा.

“अहो, ह्यात आजारी माणसाचं काय आहे?” काकूंनी विचारलं.

“सगळं आहे.”

“लुंगी नाही, टॉवेल नाही, ब्रश नाही. हे सगळं बाहेर बसणाऱ्याचं आहे.”

“तुला त्यातलं काही कळत नाही,” काका म्हणाले. गेल्या बावीस वर्षांत घरात हे वाक्य इतक्यांदा बोललं गेलं होतं की काकूंनी ते ऐकणंही सोडलं होतं. त्यांनी निमूटपणे दुसरी पिशवी काढली आणि लुंगी, टॉवेल, ब्रश, वाटी-चमचा तिच्यात भरलं. पत्त्यांचा कॅट तेवढा बाजूला ठेवला. काकांनी तो हळूच परत घातला.

मुलीला कळवायचं नाही असं काकांनी ठरवलं होतं. ती दूर नोकरीला, उगाच धावत येईल. खरं कारण वेगळं होतं. मुलगी आली की त्यांना पेशंटसारखं वागवणार, ह्याची त्यांना धास्ती होती.

बुधवारी सकाळी आठ वाजता दोघं हॉस्पिटलच्या दारात उतरली. काकांनी पांढरा कोट घातला होता. आदल्या दिवसापासून आपण घाबरलोय हे त्यांनी काकूंना सांगितलं नव्हतं आणि स्वतःलाही नीटसं सांगितलं नव्हतं. पण नोंदणीची खिडकी दिसली आणि चाल आपोआप ऐटदार झाली. इथे ते राजे होते.

“तू दोन्ही पिशव्या घेऊन वर जा. तिसरा मजला, खिडकीजवळची खाट धर. इथलं तुला झेपायचं नाही,” त्यांनी काकूंना फर्मावलं. काकू पिशव्या सावरत लिफ्टकडे गेल्या. काकांनी कोटाच्या खिशातलं पेन काढलं आणि झरझर फॉर्म भरून क्लार्कपुढे सरकवला.

क्लार्कने तो वाचला, चष्मा वर केला. चष्मा काकांच्याच दुकानातला होता.

“काका, पेशंटसोबत कोण आहे, तिथे तुम्ही तुमचं नाव लिहिलंय.”

“मग? मीच असतो.”

“बरोबर. पण पेशंटच्या जागी काहीच लिहिलं नाहीत. पेशंट कोण आहे?”

मागे रांगेतले दोघंतिघं पुढे वाकून बघायला लागले. “पेशंट... मीच,” काका म्हणाले आणि खाडाखोड करून सोबतच्या जागी काकूंचं नाव घातलं. बावीस वर्षांत फॉर्मवर खाडाखोड करण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. कान गरम झाले. क्लार्कने शिक्का मारला आणि कागद परत दिले.

आता काकांची एक पद्धत होती. कागदपत्रं झाली की कँटीनचा एक चहा. पेशंट वर जायचा, नातेवाईक कावरेबावरे होऊन त्याच्या मागे जायचे आणि काका पाच मिनिटं कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून चहा प्यायचे. ‘सोबतचा माणूस मजबूत पाहिजे,’ असं ते म्हणत. कँटीनवाल्यानेही बावीस वर्षांत त्यांना काय हवं ते कधी विचारलं नव्हतं. काका दारात दिसले की कपबशी निघे.

आजही निघाली.

काका बसले. समोर दोन बिस्किटं आली. खिडकीतून ऊन येत होतं, शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी जावई रक्ताच्या बाटलीसाठी कुठे जायचं ते विचारत होता आणि काका त्याला समजावून सांगत होते. तळमजला, डावीकडे, चिठ्ठीवर सही घ्यायला विसरू नका. तो जावई त्यांच्याकडे डॉक्टरकडे बघावं तसं बघत होता. बिस्किट चहात बुडवताना काकांना फार बरं वाटलं. कप रिकामा करून, तोंड पुसून, ते जिन्याने वर निघाले.

तिसऱ्या मजल्यावर काकूंनी खिडकीजवळची खाट धरून ठेवली होती. शेजारच्या खाटेवर एक बसड्रायव्हर होता, गुडघ्याचं ऑपरेशन, नंबर दुसरा. हेड सिस्टर आल्या. ह्या सिस्टर म्हणजे वॉर्डातला दरारा. पण काकांना बघून त्यासुद्धा हसल्या.

“काय काका, आज उलटा कारभार? बघू हात.” त्यांनी मनगटाला पट्टी बांधली, रक्तदाब घेतला, फॉर्मवर खुणा केल्या. “आणि काल जेवल्यापासून काही खाल्लं-प्यायलं नाही ना?”

“सिस्टर,” काका दुखावल्या आवाजात म्हणाले, “हे तुम्ही मला विचारता?”

“तेही खरंच,” म्हणत सिस्टरनी खूण केली आणि त्या निघून गेल्या.

त्याच वेळी काकांच्या जिभेला मागच्या दाढेत अडकलेला बिस्किटाचा तुकडा लागला.

काका तिथेच बसले. ह्या वॉर्डात, बहुतेक ह्याच खाटेवर, त्यांनी शाळेतल्या एका म्हाताऱ्या गुरुजींना भर लोकांत झापलं होतं. गुरुजींनी चूळ भरताना घोटभर पाणी गिळलं होतं. काकांनीच ते जाऊन सिस्टरना सांगितलं. “भुलीत उलटी झाली की ती फुप्फुसात जाते. माणूस टेबलावर जातो, गुरुजी, टेबलावर! तुम्ही शिकलेले ना?” गुरुजी लहान मुलासारखे खाली बघत राहिले होते. आणि ती गोष्ट काकांनी नंतर गल्लीत निदान पन्नास जणांना, शिस्त म्हणजे काय ह्याचं उदाहरण म्हणून, रंगवून सांगितली होती. गुरुजींनी तर नुसतं पाणी घेतलं होतं. इथे दुधाचा चहा आणि दोन बिस्किटं.

सांगावं, तर आजचा नंबर जाणार. सर्जन उद्यापासून नाही. महिनाभर आतडं थांबेल का? आणि ते थांबलं तरी गल्ली थांबणार आहे का? न सांगावं, तर टेबलावर. दोन्हीकडून मरण, फक्त एक लोकांसमोरचं. आणि लाज वाटते सांगायला, पण काकांना त्या घटकेला टेबलावरचंच जास्त परवडेल असं वाटत होतं.

त्यांनी एक मधला मार्ग काढला. औषधांची ट्रॉली घेऊन सिस्टर पुन्हा आल्या तेव्हा ते सहज म्हणाले, “सिस्टर, समजा एखाद्या पेशंटने चुकून चहा घेतला...”

सिस्टर गर्रकन वळल्या. “कोणी घेतला?”

“नाही, समजा.”

सिस्टरची नजर सरळ शेजारच्या खाटेकडे गेली. “ड्रायव्हरसाहेब, तुम्ही?”

“आईशप्पथ नाही, सिस्टर! काल रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही!”

“मग काका उगाच बोलतील का? बावीस वर्षं बघतेय मी त्यांना. कपाटात काय आहे?” कपाटात बिस्किटांचा एक डबा निघाला, ड्रायव्हरच्या बायकोने स्वतःसाठी आणलेला. सिस्टरनी तो जप्त केला, पाण्याची बाटली उचलली आणि ड्रायव्हरला असं काही सुनावलं की आख्ख्या वॉर्डाने पांघरुणं नीट केली. ड्रायव्हर काकांकडे बघत राहिला. काका खिडकीबाहेर बघत राहिले. बावीस वर्षांत एवढं हलकं काम त्यांनी केलं नव्हतं, हे त्यांचं त्यांनाही कळत होतं.

“बरं वाटत नाहीये का?” काकूंनी विचारलं. “चेहरा बघा कसा झालाय. उपाशीपोटी होतं असं. माझंही डोकं जड झालंय.”

“तुझं का?”

“तुम्ही उपाशी, मग मी कशी खाणार? सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही मी.”

काकांनी तोंड उघडलं. बोलणारच होते. पण तेवढ्यात गल्ली आली.

गल्ली म्हणजे पाच जण: दूधवाला, इस्त्रीवाला, निवृत्त पोस्टमन, शिंपी आणि घरमालकांचा जावई. प्रत्येकाचं कुणी ना कुणी काकांनी ह्या इमारतीतून आत-बाहेर केलं होतं. आता ते ऋण फेडायला आले होते आणि सगळे एकाच वेळी बोलत होते.

“काका, अर्ध्या तासाचं काम,” दूधवाला म्हणाला.

“ह्यात काही नसतं,” इस्त्रीवाला म्हणाला.

“आमच्या काकांना काय सांगायचं?” पोस्टमन सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाले. “शिस्त म्हणजे शिस्त! आमच्या गुरुजींनी घोटभर पाणी प्यायलं तर ह्यांनी ऑपरेशन थांबवलं. गुरुजी अजून नाव काढतात.”

“कसं काढतात?” ड्रायव्हरने विचारलं, पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

काका हसायचा प्रयत्न करत होते. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते किती पोकळ आहे हे त्यांना पहिल्यांदा कळलं. अर्ध्या तासाचं काम कुणाचं? कापणाऱ्याचं. पडून राहणाऱ्याचं नव्हे. एवढी साधी गोष्ट एकाही पेशंटने आपल्याला कशी सांगितली नाही, ह्याचं त्यांना आश्चर्य वाटलं.

दहाला वॉर्डातले मामा स्ट्रेचर घेऊन आले. पांढरा कोट उतरला, हिरवा झगा चढला. मागून बांधायच्या नाड्या काकूंनी बांधल्या. पोस्टमननी खांद्यावर थोपटलं. स्ट्रेचर निघालं. छतावरचे दिवे एकामागून एक डोक्यावरून जायला लागले. ह्या व्हरांड्यातून काका हजारदा चालले होते, पण त्याला छत आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. काकू एका बाजूने चालत होत्या. गल्ली मागून येत होती, त्यामुळे बोलायची सोयच नव्हती. दार आलं. दार लागलं.

आत गारठा होता. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई नव्या होत्या. काका कोण, त्यांची कीर्ती काय, ह्याची त्यांना गंधवार्ता नव्हती. त्यांनी फॉर्म बघितला, मनगटाची पट्टी बघितली आणि साध्या आवाजात विचारलं, “शेवटचं कधी खाल्लंत?”

बाजूला सर्जन हात धुवत होते. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा वाजले होते. डॉक्टरीणबाईंच्या हातात सुई तयार होती. काकांना एकदम काकू दिसल्या, बाहेरच्या बाकावर, सकाळपासून पाणीही न घेतलेल्या.

“साडेआठला,” ते म्हणाले. “एक कप चहा. दुधाचा. दोन बिस्किटं.”

नळ बंद झाला.

“काका?” सर्जन म्हणाले. “तुम्ही?”

“मी. आणि तो ड्रायव्हर खरंच उपाशी आहे. त्याला आधी घ्या.”

सर्जननी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंनी सुई ट्रेमध्ये ठेवली. “सहा तास तरी नाही,” त्या म्हणाल्या. सर्जननी मोठा श्वास घेतला. “साडेचारला शेवटचा नंबर. मी थांबतो. मामा, ह्यांना बाहेर न्या. कँटीन ज्या बाजूला आहे त्या बाजूने नेऊ नका.”

म्हणजे ऑपरेशन आजच होणार होतं. काकांचा जीव भांड्यात पडला, पण पुढच्याच क्षणी दाराबाहेर कोण कोण उभं आहे ते आठवलं. त्यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि डोळे गच्च मिटले. लोक दिसले नाहीत म्हणजे लोक नाहीत, एवढाच हिशेब त्यात होता.

दार उघडलं. आत नेऊन पुरती दहा मिनिटं झाली नव्हती. आता पेशंट एवढ्या लवकर बाहेर आला तर काय समजायचं, हे गल्लीला काकांनीच शिकवलेलं होतं. अर्ध्या तासाच्या आत बाहेर म्हणजे वाईट. चादरीत गुंडाळलेले, डोळे मिटलेले, पांढरेफटक काका बघून शिंप्याने भिंतीचा आधार घेतला. पोस्टमननी टोपी काढली. काकू बाकावरून उठल्या. त्या दोन पावलं चालल्या, स्ट्रेचरची कड धरली आणि एकदम किंचाळल्या, “अहो!”

काकांनी डोळे उघडले.

“चहा प्यायलो होतो,” ते म्हणाले.

कुणालाच काही कळेना.

“सकाळी. तुला वर पाठवलं तेव्हा. म्हणून परत पाठवलं. साडेचारला करणार आहेत.”

मग दूधवाल्याला हसू आलं, त्याने ते खोकल्यात घातलं. पोस्टमननी टोपी परत घातली. काकूंनी मात्र चादरीवरून काकांच्या पायावर एक सणसणीत चापट मारली, दुसरी मारली, आणि तिसरीला हात तिथेच ठेवून रडायला लागल्या.

“मला वाटलं गेलात! मला वाटलं गेलात तुम्ही! आत कळलंच नसतं तर? लोकांना काय सांगितलं असतं मी? अब्रूपायी गेले म्हणून?”

“अगं, मुद्दाम नाही केलं.”

“मग काय केलं? दुनियेला उपाशी ठेवता तुम्ही!”

मामा स्ट्रेचर धरून उभे होते, गल्ली कान टवकारून उभी होती, पण आता काकांना त्याचं काही वाटेना.

“फॉर्म भरला,” ते म्हणाले, “आणि नेहमीसारखा जाऊन बसलो. बरं वाटलं. मला वाटलं, मी सोबत आलोय.”

काकूंनी पदराने डोळे पुसले. “सोबत मी आलेय,” त्या म्हणाल्या. “आजारी तुम्ही आहात.”

काकांनी मान हलवली. मग चादरीतून हात काढून त्यांनी काकूंचं मनगट धरलं. “भीती वाटतेय गं,” ते म्हणाले. बावीस वर्षांत ह्याच दारापाशी हे वाक्य त्यांनी एकाही माणसाला पुरतं बोलू दिलं नव्हतं. काकूंनी ते पुरतं ऐकून घेतलं, आणि मामांना म्हणाल्या, “चला, हळू घ्या.”